समुद्राची बरणी आणि दोन व्याही

आमच्या घराण्यात आजवर एकालाच प्रदर्शनात बक्षीस मिळालं आहे, आणि ते झाड आहे की जनावर, हे अजून ठरलेलं नाही.

तो मी नव्हे. (मला बक्षीस कधीच मिळालं नाही. बाकीच्या प्रश्नाबद्दल घरात दोन मतं आहेत.)

माझं लग्न होऊन वर्ष व्हायचं होतं तेव्हाची ही गोष्ट. बारामतीला कालव्याच्या कडेनं आमचा भाजीपाल्याचा मळा होता. माझे वडील, म्हणजे आबा, यांचा हात असा की त्यांनी काठी रोवली तर तिला भेंडी लागायची! (एकदा खरंच लागली. काठी पाहुण्यांची होती. ते बिचारे भेंडी निघेपर्यंत मुक्कामाला राहिले.) आबांना जगात फक्त दोन गोष्टी दिसत. एक पीक आणि दुसरं तण. मी कशात मोडतो हे त्यांनी मला बऱ्याचदा सांगितलं होतं.

माझे सासरे तात्या इंदापूरचे. त्यांचा सगळा जीव बैलांत. माणसाशी बोलतानासुद्धा ते आधी त्याचे दात बघत. त्यांनी मला मुलगी दिली तीही दात बघूनच, अशी माझी खात्री आहे. कारण दुसरं बघण्यासारखं माझ्यात काही नव्हतं.

आणि ती मुलगी म्हणजे सगुणा. तिनं नीरा पाहिली होती, भीमा पाहिली होती, कालवा तर दाराशीच होता. पण समुद्र पाहिला नव्हता. भाजीच्या पाट्या घेऊन मी मुंबईला निघालो तेव्हा ती हळूच म्हणाली, "अवं, समुद्र बघून या. आन् कसा असतो ते मला सांगा."

मी समुद्र पाहिला. पाहिल्यावर कळलं की आपल्याला हे सांगता येणार नाही. मला साधा बाजारभाव नीट सांगता येत नव्हता, समुद्र काय सांगणार! मग मी सोपा मार्ग काढला. समुद्रच न्यायचा! एका वाण्याकडून गोळ्या-बिस्किटांची मोठी काचेची बरणी मिळवली, खडकावर जाऊन ती भरून घेतली, डबक्यातले दोन चिमुकले मासे हातरुमालानं धरले आणि शोभेला म्हणून एक खडबडीत दगड टाकला. दगडाला तांबूस, बुळबुळीत असा एक गोळा चिकटला होता. मला वाटलं, घाण असेल. घरी जाऊन घासू.

दौंडाला उतरून आमच्या बारामतीच्या छोट्या गाडीत बसलो. ही गाडी इतकी सज्जन होती की रुळावर शेळी आली तर ती थांबायची, शेळीला पुढं जाऊ द्यायची आणि मग शेळीच्या मागून निघायची. साऱ्या वाटेनं मी अरबी समुद्र मांडीवर घेऊन बसलो होतो. निम्मा समुद्र धोतरात मुरला. तरी उरला तो घरी आणला.

सगुणानं बरणीत बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि तिचे डोळे मोठे झाले.

"खारटच हाय की वो! म्हंजी खराच हाय!"

लग्नानंतर माझ्या एखाद्या कामाची पावती मला मिळाली ती ही पहिलीच. (दुसरी कधी मिळेल त्याची वाट बघतो आहे.)

दुसऱ्या दिवशी खिडकीत ऊन आलं आणि सगुणानं घर डोक्यावर घेतलं. दगडावरचा तो तांबूस गोळा उमलला होता! पाकळ्याच पाकळ्या, बारीक, लांब, तांबड्या, आणि वारा नसताना डुलत होत्या. शेवंतीनं पाण्यात जीव दिला आणि मेल्यावर जास्तच सुंदर दिसायला लागली, असं काहीतरी.

आबांनी डोकं खाजवलं, बरणीभोवती फेरी मारली आणि निकाल दिला.

"फूल हाय. बुडाला चिकटलंय, म्हंजी मूळ हाय. मूळ हाय ते झाड!"

आणि आम्ही थांबवायच्या आत त्यांनी चिमूटभर शेणखत बरणीत टाकलं! समुद्र गढूळला, मासे वर आले, फूल मिटलं. सगुणा रडकुंडीला आली. तिनं सारा समुद्र लुगड्याच्या पदरातून गाळून काढला. वस्त्रगाळ समुद्र आमच्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या घरी नव्हता, हे मी पैजेवर सांगतो.

आईचं मत वेगळंच. "शेषशायी भगवंताच्या बेंबीतलं कमळ हाय ते," असं म्हणून तिनं बरणीला हळदीकुंकू लावलं आणि ती देव्हाऱ्यात बसवली. चार दिवस सुखात गेले. मग एकादशी आली. आई उदबत्ती लावते आहे, आणि एक मासा पोहत पोहत कमळाच्या अंगावरून गेला. कमळानं पाकळ्या आवळल्या. मासा आत! शेपूट थोडं हललं, मग तेही आत!

आई उदबत्ती धरून तशीच उभी राहिली.

"एकादशीला?" एवढंच तिच्या तोंडून निघालं. मग तिनं बरणी उचलली आणि पुन्हा खिडकीत ठेवली. "देवाला आपण काय बोलणार? पर माझ्या देव्हाऱ्यात न्हाय चालायचं. त्यांनी हितं बसून खावं!"

आता फूल मासे खातं म्हटल्यावर आबांनी विचार बदलावा की नाही? छे! "शेणखत टाकू दिलं न्हाईसा," ते म्हणाले, "मग भुकेलं झाड काय करंल?"

नेमके याच सुमारास तात्या लेकीला भेटायला आले. आले ते खिडकीपाशीच खिळले. सगुणा चिमटीत सुकट धरून बरणीत सोडत होती आणि ते तिच्या बोटांतून अल्लद घेत होतं. (दुसरा मासा तोवर पहिल्याच्या मार्गानं गेला होता.)

"आरं वा!" तात्या म्हणाले. "पोरी, जनावर बेस पाळलंस!"

आबा आतून ओरडले, "जनावर न्हाय, पाव्हणं. फूल हाय ते."

"फूल? आबा, त्याला तोंड हाय. तोंड हाय ते जनावर!"

"आन् मूळ हाय ते झाड!"

"झाड सुकट खातं व्हय?"

"तुमच्या इंदापुरात खात नसंल!"

झालं! इंदापूरचं नाव निघालं. मग तात्यांनी बारामतीच्या वांग्यांचं नाव काढलं. आबांनी तात्यांच्या बैलाचं काढलं. वांग्यावरून बैलावर, बैलावरून लग्नातल्या जेवणावर, जेवणावरून जिलबीवर गाडी आली, आणि जिलबी कच्ची होती हे वाक्य उच्चारल्यावर दोन घराण्यांत बोलण्यासारखं काही उरलं नाही.

"सगुणा, लुगडी बांध!" तात्या उठले. "आबा सवताच्या तोंडानं 'जनावर' म्हंत्याल, त्याच दिशी पोर नांदायला धाडीन!"

"मग बसा वाट बघत!" आबा म्हणाले. "तुमी आदी 'फूल' म्हना!"

दोघांनी मग माझ्याकडं बघितलं. शिकलेला मीच होतो ना! (मॅट्रिकला बसलो होतो. उठलो तसाच.)

"दाम्या, तूच सांग. हाय काय ते?"

मी घसा खाकरला. "आबा म्हणतात ते बरोबर आहे," मी म्हणालो, "आणि तात्या म्हणतात ते काही चूक नाही."

दोन्ही व्याह्यांचं त्या दिवसात एकमत झालं ते एवढ्या एकाच मुद्द्यावर, की मी बिनकामाचा आहे.

सगुणा गेली. जाताना बरणी पोटाशी धरून घेऊन गेली. खिडकीत पाण्याचा गोल वळ तेवढा राहिला, आणि खाली मी.

त्यानंतर बायको परत आणायची तर आधी हे काय आहे ते ओळखायला हवं, अशी माझी अवस्था झाली. वैद्यबुवांकडं जाऊन वर्णन केलं. ते म्हणाले, "वाळवून, कुटून आणा. मग कशावर चालतं ते सांगतो." शाळेतल्या मास्तरांना विचारलं. ते म्हणाले, "आमच्या पुस्तकात नाही." आणि माझ्याकडं असं बघितलं की जणू ती चूक बरणीची. आबांना विचारायची सोय नव्हती, ते भाजीला पाणी देताना वाफ्यांना उद्देशून बोलत, "फूलच हाय ते! फूलच!" आणि बिचारी मेथी ऐकून घेई.

तेव्हा मी 'बरणीची विचारपूस करायला' म्हणून इंदापूरला खेपा घालायला लागलो. तात्या जावयाला पाट, तांब्या, चहा सगळं देत. फक्त बायको देत नसत. ते स्वतः दारात बैलाच्या शिंगांना तेल चोळत बसत आणि मी ओसरीवर बरणीसमोर बसे. बरणीच्या पलीकडं सगुणा. काचेतून तिचा चेहरा एवढा रुंद दिसायचा, की दोन सगुणा आहेत असं वाटावं. माझा तिला कसा दिसत होता ते मी विचारलं नाही.

"बरं हाय का?" मी बरणीकडं बघत विचारायचो.

"बरं हाय. पर खात न्हाय नीट," ती बरणीकडं बघत म्हणायची. "करमत न्हाय त्याला हितं."

"मग... काय करायचं?"

"मला काय इचारता? घरधनी कोण हाय? तुमी काय तर करा की!"

"काय करू?"

"त्येच. काय तर!"

हे 'काय तर' म्हणजे नेमकं काय, याचा विचार करत मी परत यायचो आणि पुढच्या खेपेला तोच विचार घेऊन जायचो. एका खेपेला ती हलक्या आवाजात म्हणाली, "अलीकडं रुंद झालंय बगा. मधीच चिमटल्यावानी दिसतंय." मी म्हणालो, सुकट जास्त होत असेल. मला आपलं स्वतःवरून वाटलं.

तेवढ्यात इंदापूरला शेतकीचं प्रदर्शन भरलं. तात्यांना युक्ती सुचली. प्रदर्शनाच्या साहेबाच्याच तोंडून वदवायचं! त्यांनी बरणी जनावरांच्या वर्गात नोंदवली. ही बातमी बारामतीला पोचायला वेळ लागला नाही. आबा वांग्याची पाटी डोक्यावर घेऊन इंदापुरात हजर झाले, आणि त्यांनी तीच बरणी फुलांच्या वर्गात नोंदवली!

प्रदर्शनाला सारा तालुका लोटला होता. गुलाब आणि झेंडूच्या मध्ये बरणी. समोर आबा, मागे तात्या, मध्ये मी, आणि बायकांच्या घोळक्यात सगुणा. परीक्षक शेतकी साहेब आले. मिशी अशी झुपकेदार की तिलाच एखाद्या वर्गात बक्षीस द्यावं.

"हे कुठलं फूल?"

"समुद्रकमळ, सायेब," आबा म्हणाले.

"वास आहे?"

आबा गडबडले. पण माघार घेतील तर आबा कसले? "हाय की! जरा वाकावं लागतं."

साहेब वाकले. अजून वाकले. मिशीचं एक टोक पाण्यात बुडालं...

मी डोळे मिटले. उघडले तेव्हा साहेब वाकलेलेच होते! मिशीचं टोक फुलानं धरलं होतं आणि सोडायला ते तयार नव्हतं. साहेब ओढत होते, फूल ओढत होतं, आणि तात्या मागून आनंदानं नाचत होते. "बगा! धरलं का न्हाय? गुलाबानं कंदी कुणाची मिशी धरलीय?"

"हलू नका, सायेब!" सगुणा पुढं धावली. तिनं सुकटीचा तुकडा पाण्यात सोडला. सुकट आणि मिशी यांत फुलानं क्षणभर विचार केला आणि सुकट घेतली. साहेब सुटले. उजवी मिशी डावीपेक्षा सरळ झाली होती.

"हे फूल नाही!" साहेब गरजले. "न्या तिकडं जनावरांत!"

जनावरांत नेलं. तिथं ढोरांचे डॉक्टर होते. त्यांनी बरणीकडं बघितलं आणि रीतीप्रमाणं विचारलं, "दात किती?"

बैलाचं वय दातांवर ठरतं. दात नसतील तर पुढची रकानेपूर्ती कशी व्हायची?

"अदात लिवा!" तात्या म्हणाले. "वासरूच हाय अजून. दात यायचं हायेत!"

"जात?"

"समुद्री खिल्लार!"

"पाय?"

इथं मात्र तात्या अडले.

"पाय नाहीत तर चालणार कसं? रिंगणात चालवून दाखवल्याशिवाय जनावराचा नंबर नाही."

मग काय, तात्यांनी बरणी डोक्यावर घेतली, पुढं हलगीवाला घातला, आणि रिंगणात फेरी काढली! एका बाजूनं गर्दी टाळ्या पिटत होती, दुसऱ्या बाजूनं आबा बरोबरीनं धावत ओरडत होते, "सायेब, बरणी चालतीय! फूल जाग्यावरच हाय!" साहेबांनी कपाळाला हात लावला आणि निकाल सकाळवर ढकलला. बरणी रात्रभर तंबूत, जाळीच्या पेटीत कडीकुलपात राहिली.

सकाळी पेटी उघडली. बरणीत दोन होती!

एकाच्या शेजारी एक. सारखी. तांबूस. दोन्ही उमललेली. कुलूप शाबूत.

आबांनी डोक्याचा पटका काढून हवेत उडवला.

"मुनवा! केळीच्या बुडाला फुटतो तसा मुनवा फुटलाय! जनावराला कंदी मुनवा फुटतो व्हय? झाडच हाय!"

"मुनवा कसला? व्यालीय ती!" तात्यांनी बरणीवरून कडाकडा बोटं मोडली. "माझ्या इंदापुरात व्यालीय! वासरू बगा कसं आयसारकं!"

"मुनवा!"

"वासरू!"

साहेब खुर्चीत बसले. एका हातानं त्यांनी मिशी झाकून घेतली होती. मी मध्ये उभा राहून दोघांनाही माना डोलावत होतो. म्हणजे 'काय तर' करत होतो.

तेव्हा सगुणा पुढं आली. पदर डोक्यावरून नीट घेतला आणि वडिलांना विचारलं, "तात्या, व्यालीय म्हंता न्हवं?"

"व्हय! बैलाच्यान सांगतो!"

"म्हंजी पयलं बाळंतपण माहेरी झालं."

"झालं की! थाटात झालं!"

"मग बाळंतिणीला माहेरी ठिवून घ्यायची रीत हाय, का वटी भरून सासरी धाडायची?"

गर्दीत खसखस पिकली. तात्यांचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. (दात अजून छान होते.)

सगुणा सासऱ्यांकडं वळली. आता पदर अजून पुढं ओढला. "आन् मामंजी, मुनवा म्हंता न्हवं?"

"एकदम मुनवा!" आबा खूश.

"मुनवा आयच्या बुडाशी ठिवला तर दोनी वाळत्यात, आसं तुमीच सांगितलंय मला."

"व्हय. काढून लांब लावावा लागतो..." आबा म्हणाले आणि थबकले. आपण कुठं येऊन पोचलो ते त्यांना उमगलं.

"मंग झालं तर. बाळंतीण जाईल सासरी. मुनवा ऱ्हाईल हितं."

आता दोघा म्हाताऱ्यांपैकी कुणी आधी बोलायचं हा प्रश्न होता. मी सांगतो, तंबूबाहेरच्या बैलांनीसुद्धा रवंथ थांबवलं होतं. तात्यांची अट होती, आबांनी 'जनावर' म्हणावं. आबांची अट होती, तात्यांनी 'फूल' म्हणावं.

आबांनी पटका झटकला, डोक्याला गुंडाळला आणि खालच्या मानेनं म्हणाले, "तात्या, बाळंतिणीला उन्हाचं धाडू नगा. सावलीची गाडी करा."

तात्यांनी डोळे पुसले. "आबा, आन् तुमी काळजी करू नगा," ते म्हणाले. "मुनवा नीट लावीन मी."

झालं! एकानं 'जनावर' म्हटलं नाही, दुसऱ्यानं 'फूल' म्हटलं नाही, आणि दोघांनीही म्हटलं. साहेबांनी 'इतर' असा एक वर्ग तिथल्या तिथं काढून बरणीला पितळी तांब्या बक्षीस दिला आणि कुणी पुन्हा वास घ्यायला सांगायच्या आत घोड्यावर बसून निघून गेले.

अरबी समुद्राची वाटणी इंदापुरात झाली. निम्मा या बरणीत, निम्मा त्या बरणीत. दोन्हींतली आई कोणती आणि लेकरू कोणतं, हे देवालाही सांगता आलं नसतं. सगुणानं एक उचललं आणि म्हणाली, "ही आय." कुणी हुज्जत घातली नाही. माझ्या सासूबाईंनी बरणीच्या गळ्याला कुंची बांधली आणि डिंकाच्या लाडवांचं फडकं दिलं. पण निघताना तात्यांना पुन्हा ताठा आला.

"बाळंतीण धाडतोय मी. पोर धाडतो म्हनलो न्हाय!"

"तात्या, बाळंतीण येकली कशी जाईल?" सगुणा आधीच गाडीत चढून बसली होती. "मी पाठराखीण हाय तिची!"

गाडी निघाली. आबा पुढं गाडीवानाशेजारी. सावलीत बरणी. बरणीशेजारी पाठराखीण. आणि जागा उरली नाही म्हणून गाडीच्या मागच्या दांडीला धरून मी. इंदापूर मागं पडल्यावर मी धीर केला.

"सगुणा, खरं सांग. तुला काय वाटतं? काय असेल ते?"

ती हसली. "मी तर पयल्याच दिशी वळखलं हुतं. येका जागी चिकटून बसतं. कुणी जरा हात लावला, काय काम सांगितलं, की आक्रसतं. आन् खायला दिसलं की फुलतं." तिनं बरणीवरची कुंची सारखी केली. "नवरा हाय तो!"

पुढं आबा इतके हसले की बैल बुजले. मी अंग चोरून, दांडीला घट्ट चिकटून, मिटून बसलो. लासुर्ण्याच्या पुढं तिनं लाडवांचं फडकं सोडलं, तेव्हाच उघडलो.